शालूबाईंचं पार्किंग

निशिगंधाची रोजची सकाळ दुसऱ्यांच्या शरीरातून निघालेल्या घाणीत जायची, आणि तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. राजारामपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती टेक्निशियन होती. रक्त, लघवी, थुंकी, जे येईल त्याच्या डब्यांवर नावं चिकटवायची, मशीनला लावायची, आणि दुपारी शेजारच्याच खोलीत डबा उघडून भाकरी-भाजी खायची. मैत्रिणी नाकं मुरडायच्या. ती म्हणायची, "अगं, आजारी माणसाची घाण ती. तिची कसली किळस?"

किळस म्हणजे काय ते तिला मधुबन अपार्टमेंटमध्ये कळलं.

मधुबन ही लॅबच्या मागच्या गल्लीतली चार मजली इमारत. खाली खांबांवर पार्किंग, एका बाजूला जिना, समोर लोखंडी गेट. निशिगंधा आणि तिचा नवरा आदर्श दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मुलगी शिकायला नागपूरला गेली होती, तिची खोली रिकामी. समोरच्या दारात शालूबाई. सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या राधानगरीकडच्या, नवरा पाटबंधारे खात्यात होता तो वारल्यापासून एकट्या. मुलगा अमरसिंह पुण्यात नोकरीला. शालूबाईंचा आवाज असा, की त्या फोनवर मुलाशी बोलायला लागल्या की चौथ्या मजल्यापर्यंत त्याच्या घरची खुशाली कळायची. कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारखं त्या 'मी आलो, मी गेलतो' असंच बोलायच्या, आणि कुणी हसलं तर त्यालाच खालपासून वरपर्यंत बघायच्या.

शालूबाईंकडं गाडी नव्हती, पण फ्लॅटबरोबर घेतलेली पार्किंगची जागा होती. जिन्यापासून लांबची, कडेची. दुपारी तिथं ऊन यायचं. उन्हाळ्यात त्या तिथं जुनी साडी अंथरून चटणीच्या मिरच्या वाळवायच्या.

तिसऱ्या मजल्यावर बाळासो राहायचे. पूर्वी खडी-वाळूचा धंदा, आता मुलगा सम्राट प्लॉट पाडून विकायचा. बिल्डिंगच्या कोपऱ्यावर वर्षातून चार वेळा तरी सम्राटचा फोटो लागायचा, गॉगल लावलेला, हात जोडलेला. त्याच्याकडं एक पांढरी मोठी गाडी आणि एक काळी जीप. जागा एकच. मग जीप शालूबाईंच्या जागेत लागायला लागली. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये शालूबाईंनी मिरच्या घातल्या होत्या. सम्राट जीप घेऊन आला, एकदा हॉर्न वाजवला आणि सरळ मिरच्यांवरून आत घेतली. निशिगंधा तेव्हा गेटमधून येत होती. चाकांखाली मिरच्यांचा चुरा झाला, ठसका उठला, आणि वरून शालूबाई धावत खाली आल्या.

"डोळं फुटलं काय रं तुजं? दिसत न्हाईत मिरच्या?"

"काकी, पार्किंग हाय ते, खळं न्हवं," सम्राट खाली उतरत म्हणाला.

"माझं हाय ते! खळं करीन न्हाईतर गोठा करीन, तुला काय?"

सम्राट हसला. खिशातून माव्याची पुडी काढली, तोंडात टाकली, आणि खांबाच्या बुडाशी पचकन थुंकून जिना चढला. शालूबाई खाली बसून चाकाखालचा चुरा गोळा करायला लागल्या. निशिगंधा दोन मिनिटं त्यांच्याबरोबर वेचायला बसली, पण सम्राट वरच्या कठड्यावरून बघतोय हे जाणवल्यावर उठली. "काकू, गॅसवर दूध आहे," म्हणाली. गॅसवर काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जीपच्या दाराच्या मुठीला कुणीतरी लाल तिखट चोळून ठेवलं. सम्राटनं दार उघडलं, मग डोळे चोळले. त्याची बोंब गल्लीच्या टोकाला ऐकू गेली. निशिगंधानं तोंडावर उशी दाबून हसून घेतलं.

त्याच्या पुढच्या सकाळी ती लॅबला निघाली आणि थबकली. शालूबाईंच्या उंबऱ्यावर, रांगोळीच्या अगदी मध्यात, माव्याची पिंक पडलेली होती. एक नव्हे, तीन-चार. लाल-तपकिरी, बुडबुड्यांची, सुपारीच्या कणांची, उंबऱ्यावरून ओघळून आत गेलेली. निशिगंधानं नाकाला पदर लावला. क्षयरोग्यांच्या थुंकीच्या डब्या उघडणारी बाई ती. पण ही थुंकी आजाराची नव्हती. कुणीतरी पहाटे उठून, तोंडात मावा धरून, एक मजला उतरून, वाकून टाकलेली थुंकी होती. ती भिंतीला धरून खाली गेली आणि गेटपाशी दोन-तीन दीर्घ श्वास घेतले.

संध्याकाळी शालूबाई तिच्याकडं आल्या. "निशी, सेक्रेटरीकडं जाऊया. तू नुसती उभी ऱ्हा. बोलायचं मी बघतो."

निशिगंधानं आदर्शकडं पाहिलं. आदर्श विमा कंपनीत सर्व्हेअर होता, दिवसभर लोकांच्या ठोकलेल्या गाड्या बघून नुकसान ठरवायचा. तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "काकू, आपण सगळे एकाच बिल्डिंगीत राहतो. कशाला वाढवायचं?"

तरी निशिगंधा गेली. नृसिंहराव हे सेक्रेटरी, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, कायम इस्त्रीचा सदरा. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "शालूबाई, बघा, तुमच्याकडं वाहन नाही. जागा रिकामीच असते. शेजारधर्म म्हणून..."

"माझ्याकडं घोडा न्हाई, म्हणून माझ्या दारात दुसऱ्यानं घोडा बांधायचा व्हय?"

"तसं नव्हे. पण सम्राट आपल्या कामाचा मुलगा आहे. पाण्याची लाईन त्यानंच ओळखीनं करून दिली."

"मग लावा की त्याची गाडी तुमच्या जागंत! तुमची ती स्कूटी ऱ्हाती रस्त्यावर!"

नृसिंहरावांनी कप बशीत ठेवला आणि निशिगंधाकडं बघून कसंनुसं हसले. शहाण्या माणसांनी एकमेकांकडं बघून हसावं तसं. निशिगंधाला त्या हसण्यात आपल्याला ओढून घेतल्यासारखं वाटलं, अंगाला चिकट हात लागावा तसं. पण तिचेही ओठ थोडे हललेच.

मग शालूबाईंनी स्वतःच उपाय काढला. जीप बाहेर गेली की त्या प्लास्टिकची खुर्ची घेऊन आपल्या जागेत बसायच्या. मांडीवर ताट, ताटात लसूण. सम्राट यायचा, हॉर्न वाजवायचा, इंजिन गुरगुरवायचा, अगदी गुडघ्यापर्यंत बंपर आणायचा. शालूबाई लसूण सोलत राहायच्या. आठवडाभर हे चाललं. शेवटी सम्राटनं गाडी मागं घेतली आणि जिन्याच्या तोंडासमोर, गेटकडं जायच्या वाटेत आडवी लावली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खांब आणि दुचाक्यांची रांग. माणसाला अंग चोरून जाता येईल एवढीच फट.

"घ्या," तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं. "काकींची जागा मोकळी! आता बसा म्हणावं तिथं समाधी बांधून!"

तेव्हापासून जीप तिथंच. भाजीच्या पिशव्या डोक्यावर धरून लोक फटीतून जायचे. गॅसचं सिलेंडर आणणारा शिव्या देत जायचा. आणि गंमत अशी, की लोक चिडले ते शालूबाईंवर. "काकूंनी थोडं घ्यायला पाहिजे होतं," पहिल्या मजल्यावरची बाई निशिगंधाला म्हणाली. "त्या एकटीच्या हट्टापायी आपण सगळे भोगतोय." आदर्शही तेच म्हणाला. एकदा फटीतून जाताना त्याच्या पँटला जीपच्या चाकाचा चिखल लागला, तर तो वर येऊन म्हणाला, "ही म्हातारी ना, डोक्याला ताप आहे."

निशिगंधा म्हणाली, "चिखल म्हातारीच्या चाकाचा आहे का?"

आदर्शनं पँट बदलली.

जुलैतल्या एका रविवारी, जेवणाच्या आधी, शालूबाईंनी दार वाजवलं. निशिगंधानं उघडलं तर त्या घामानं निथळत होत्या, एक हात छातीवर.

"निशी, लई दडपल्यागत व्हतंया गं."

तिनं त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फोन केला, नाडी धरली. नाडी बोटांखाली अडखळत होती. शालूबाईंनी डोळे मिटले, मग उघडले. "गॅस बंद केलाय काय बघ गं माझा," म्हणाल्या. निशिगंधा समोरच्या घरात धावली. गॅस बंद होता. कढईत वांगी होती, झाकलेली. ती परत आली तेव्हा शालूबाईंची मान एका बाजूला गेली होती. डॉक्टर आले, छातीवर हात दाबत राहिले, घामाघूम झाले, आणि मग घड्याळाकडं बघून थांबले.

अमरसिंह पुण्याहून निघाला. राधानगरीकडची माणसं टेम्पोनं आली. नऊवारी नेसलेल्या बायका, टोपीवाले म्हातारे, पावसानं भिजलेले. शववाहिका गल्लीत येऊन उभी राहिली. लिफ्ट लहान, म्हणून शालूबाईंना चादरीत घालून जिन्यानं खाली आणलं. आणि जिन्याच्या तोंडाशी सगळे थांबले. समोर काळी जीप होती.

"गाडी कुणाची ही, पावणं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. "काढा की."

सम्राट सकाळीच मित्रांच्या गाडीतून पन्हाळ्याला गेला होता. नृसिंहरावांनी फोन लावला. आधी लागेना. मग लागला, तेव्हा मागं गाणी वाजत होती आणि कुणीतरी हसत होतं. "हां हां, निघतोय की," सम्राट म्हणाला. "अर्ध्या तासात." तासानं पुन्हा लावला तर बंद.

निशिगंधा तिसऱ्या मजल्यावर गेली. बाळासोंनी दार उघडलं. पोटावर ताणलेला बनियन, हातात टीव्हीचा रिमोट. त्यांच्या मागं सम्राटची बायको संयोगिता उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"अण्णा, जीपची किल्ली हवी आहे. काकूंना न्यायचंय."

"किल्ली त्याच्याकडं हाय की," बाळासो म्हणाले.

"दुसरी नाही का?"

"न्हाय बा." त्यांनी हात हलवले. "काय करनार? देवाची मर्जी."

संयोगिता खाली बघत होती. आतून मटणाच्या रश्शाचा वास येत होता. दार बंद झालं.

जिन्याच्या पायथ्याशी जी चार पावलं जागा होती, तिथंच तिरडी बांधली. शालूबाईंच्या डोक्याकडं कुणाच्या तरी मोटरसायकलचा सायलेन्सर होता. गावच्या बायका रडता रडता दुचाक्यांना अडकत होत्या. दुचाक्यांचे हँडल लॉक होते, त्यांचे मालक खाली उतरून काढायलाही वेळ लावत होते. अमरसिंह आला. चांगल्या कपड्यांतला, दमलेला. आईच्या पायांवर डोकं ठेवलं, मग जीपकडं पाहिलं.

"ही अशी का?"

टोपीवाला म्हातारा म्हणाला, "आमच्यात गोठ्यातनं म्हस भाईर काढायला बी वाट ठेवत्यात, बाबा."

अंधारून यायला लागलं. पाऊस वाढला. शववाहिकेचा ड्रायव्हर दोनदा आत डोकावून गेला. शेवटी कुणीतरी म्हणालं, "वरनं घ्या! बॉनेटवरनं!"

चौघांनी अलीकडून तिरडी उचलली, चौघे पलीकडं जाऊन उभे राहिले. अमरसिंह शिंकाळ्यातलं मडकं घेऊन फटीतून पुढं गेला, मडक्यातल्या पेटत्या शेणीचा धूर जीपच्या काचेवर पसरला. तिरडी खांद्यांच्या वर गेली, डळमळली. मधे धरायला कुणाचाच हात पोचत नव्हता.

"टेकवा जरा! टेकवा!"

आणि तेव्हा आदर्श पुढं आला. निशिगंधाला क्षणभर बरं वाटलं. तिला वाटलं, हा मधे हात देणार. आदर्शनं खिशातून रुमाल काढला, झटकून उलगडला आणि जीपच्या बॉनेटवर नीट पसरला. बांबूनं रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून.

तिरडी टेकली. रुमाल ओल्या पत्र्यावरून सटकला. बांबू करकरत बॉनेटवरून गेला, शालूबाईंचं डोकं एका बाजूला कलंडलं, झेंडूची फुलं वायपरमध्ये अडकली. पलीकडच्यांनी बांबू धरला, ओढला, आणि शालूबाई त्या जीपवरून अशा गेल्या, जसं टेम्पोतून पोतं उतरवतात. गॅलऱ्यांमध्ये सगळे मजले उभे होते. एकानं मोबाईल धरला होता.

पंचगंगेवरून परत आल्यावर निशिगंधानं डोक्यावरून पाणी घेतलं. अंघोळ करून बाहेर आली तर खाली सम्राटचा आवाज. तो आला होता. मोबाईलची बॅटरी लावून बॉनेटवरचा ओरखडा बघत होता.

"कुनी केलं हे? आँ? मयत नेतासा का ट्रॅक्टर?"

आणि आदर्श, ओल्या केसांचा, खाली उभा राहून त्याला सांगत होता, "अरे, मी रुमाल टाकला होता. सटकला तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सम्राटनं जीप धुतली, तिच्यावर गोमूत्र शिंपडलं, नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली. मयताचा विटाळ गेला. नारळाची करवंटी आणि फुलांचा चिखल तिथंच पडून राहिला, त्यावर माश्या. तिसऱ्या दिवशी अमरसिंह रक्षाविसर्जन करून आला, तेव्हा जीप शालूबाईंच्या जागेत लागलेली होती. वाट मोकळी झाली म्हणून पहिल्या मजल्यावरची बाई निशिगंधाला म्हणाली, "बरं झालं बाई एकदाचं." मग जीभ चावून म्हणाली, "म्हणजे, गाडीचं म्हणतेय मी."

दहावं झालं आणि संयोगिता आली. दुपारची वेळ, आदर्श कामावर. ती सोफ्याच्या कडेला बसली, पाण्याचा घोट घेतला.

"वहिनी, मला झोप येत न्हाई."

"का?"

"किल्ली घरात होती. जीपची. फ्रीजवरच्या डब्यात. अण्णांना माहीत होतं. मलापण." तिचे डोळे भरले. "अण्णा म्हणाले, मयतासाठी गाडी हलवली तर अपशकुन होतो. आणि त्या बाईनं आपल्या गाडीला तिखट लावलंतं. मी काय बोलणार, वहिनी? तुम्ही दारात उभ्या होता तेव्हा माझ्या तोंडापर्यंत आलतं."

निशिगंधा तिच्याकडं बघत राहिली. चोवीस-पंचवीसची पोर, गळ्यात जाड मंगळसूत्र. तिला हिची दया यायला हवी होती. पण तिच्या डोळ्यांपुढं ते कलंडलेलं डोकं आलं, आणि हिच्या मागून आलेला मटणाचा वास.

"मग आता का सांगतेस मला?"

"मनावर ओझं होतं. तुम्हाला सांगून बरं वाटलं."

"तुला बरं वाटावं म्हणून मी बसलेय का इथं? रविवारी मीटिंग आहे. तिथं सांग सगळ्यांसमोर."

संयोगितानं डोळे पुसले, घाबरून मान हलवली आणि उठली. तिच्या ग्लासातलं अर्धं पाणी तसंच राहिलं. निशिगंधानं ते बेसिनमध्ये ओतलं आणि ग्लास दोनदा घासला. का, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

मीटिंग गच्चीवरच्या पत्र्याखाली झाली. नृसिंहरावांनी बटाटेवडे मागवले होते, ते टेबलावर कागदाखाली वाफाळत होते. सगळ्यांचं अर्धं लक्ष तिकडंच. आधी दोन मिनिटं शांतता पाळली. ती पुरती होण्याआधीच कुणाच्या तरी मोबाईलवर व्हिडिओ वाजला.

मग नृसिंहरावांनी विषय मांडला. त्या दिवशी जे घडलं ते कुणालाच शोभणारं नव्हतं, ते म्हणाले. निशिगंधा ताठ बसली. तिला वाटलं, चला, माणसाला लाज आहे.

"म्हणून असं ठरवावं," ते पुढं म्हणाले, "की यापुढं मयत पार्किंगमध्ये आणायचं नाही. दवाखान्यातून परस्पर स्मशानात न्यावं. लहान मुलं घाबरतात, गाड्यांचं नुकसान होतं, बाहेरगावचे लोक गर्दी करतात."

माना हलल्या. "बरोबर आहे," कुणीतरी म्हणालं.

"आणि घरात कुणी गेलं तर?" निशिगंधानं विचारलं.

"आता घरात कोन मरतंय ओ, वहिनी?" सम्राट म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले.

निशिगंधा उभी राहिली. आदर्शनं तिच्या साडीचा काठ खाली ओढला. तिनं तो सोडवून घेतला. "किल्ली घरात होती," ती म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "जीपची दुसरी किल्ली. फ्रीजवर. मी मागायला गेले तेव्हा अण्णा खोटं बोलले. एवढंसं हलवायचं होतं. त्या म्हातारीला पोत्यासारखं त्या गाडीवरून ओढलं आपण, आणि किल्ली वर डब्यात होती."

संयोगिता बायकांच्या रांगेत बसली होती. तिनं मान वर केली नाही. निशिगंधा थांबली. आता काहीतरी होईल असं तिला वाटलं. कुणीतरी बाळासोंकडं वळेल, निदान 'अहो, काय हे!' तरी म्हणेल.

बाळासो खुर्चीत सरकून बसले. "होती," ते म्हणाले. "मग? मयताच्या वक्ताला आमच्यात गाडीला हात लावत न्हाईत. आमची रीत हाय ती."

त्यांच्या घरात गाडी येऊन एक पिढीही झाली नव्हती आणि तिला मयताची रीत निघाली होती. निशिगंधानं एकेका चेहऱ्याकडं पाहिलं. पहिल्या मजल्यावरची बाई बोटावरची अंगठी फिरवत होती. नृसिंहराव चष्मा पुसत होते. कुणी चकित झालं नव्हतं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की यातल्या बऱ्याच जणांना ते ठाऊक असणार, किंवा ठाऊक नसलं तरी आता कळल्यानं त्यांच्यात काही हललं नव्हतं.

"झालं ते झालं," नृसिंहराव म्हणाले. "गेलेलं माणूस काही परत येत नाही. ठराव मंजूर?"

हात वर झाले. आदर्शचाही झाला, अर्धवट, खांद्यापर्यंतच, जणू बायकोला दिसू नये आणि बाकीच्यांना दिसावा. निशिगंधा म्हणाली, "माझा विरोध लिहा." नृसिंहरावांनी मान डोलावली आणि पेनाला टोपण लावलं. मग वड्यांवरचा कागद उचलला. लोक उठले. तेलकट बोटं, चटणीचे डाग, भरलेल्या तोंडांनी चाललेली बोलणी. सम्राटनं स्वतः एक वडा पावात घालून नृसिंहरावांच्या पुढं धरला. निशिगंधानं वड्याला हात लावला नाही. ती जिन्यानं खाली आली.

अमरसिंह महिन्याभरानं आला. तिनं त्याला जेवायला बोलावलं, कारण शालूबाईंचा मुलगा म्हणून तेवढं तरी करायला हवं असं तिला वाटत होतं. जेवताना तिनं किल्लीचं सांगितलं. त्यानं भाताचा घास खाली ठेवला.

"वहिनी, मला कुणीतरी बोललंतं तसं," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय करू? केस घालू? पुण्यातनं तारखांना येत बसू?" त्यानं पुन्हा घास उचलला. "आणि खरं सांगू का, सम्राटच घेतोय फ्लॅट. पार्किंगसकट. भाव चांगला देतोय. गिऱ्हाईक दारात असताना बाहेर कुठं हिंडू?"

निशिगंधाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "सम्राट?"

"आई पन काय कमी न्हवती, वहिनी. गाडीला तिखट लावायचं काय कारण होतं? दोन्ही हातांनी टाळी वाजती." तो आदर्शकडं बघून हसला. आदर्श मान डोलावत म्हणाला, "अजून आमटी घे."

तिनं आमटी वाढली. त्यानं तीनदा भात मागून घेतला आणि जाताना तो तिच्या पाया पडला. पाया पडलेली माणसं तिला एरवी आवडायची. त्या दिवशी तिनं पाय किंचित मागं घेतले.

खरेदीखत झालं त्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. सम्राट, नवा सदरा, कपाळाला गंध, हातात पेढ्यांचा बॉक्स. मागं शालूबाईंचं दार सताड उघडं होतं, आत दोन माणसं भिंतीवर हात आपटून कुठली पाडायची ते ठरवत होती. स्वयंपाकघरातून शालूबाईंची भांडी पोत्यात भरून बाहेर आणली होती.

"वहिनी, तोंड गोड करा. आता आपन शेजारी."

"नको."

"का ओ? शुगर निघाली काय? दुसऱ्यांची तपासून तपासून?"

"शुगर नाही," निशिगंधा म्हणाली. "तुमच्या हातचं खायची मला किळस येते."

ती हे ओरडून म्हणाली नाही. लॅबमध्ये रिपोर्ट सांगतात तशी म्हणाली. सम्राटच्या चेहऱ्यावर काहीतरी क्षणभर आलं आणि गेलं. मग तो हसला. "लई कडक हायसा, वहिनी," म्हणाला आणि पेढे घेऊन वरच्या मजल्याकडं वळला. तिनं दार लावलं. बऱ्याच दिवसांनी तिला पोटभर श्वास घेता आला.

आदर्श कामावरून आला तो समोरच्या दारात थांबला. बराच वेळ बोलण्याचा, हसण्याचा आवाज येत राहिला. मग तो आत आला, बूट काढत म्हणाला, "काय बोललीस तू त्याला? अगं, काय गरज होती? मी मिटवून आलो." त्यानं कागदात गुंडाळलेला पेढा टेबलावर ठेवला. "तुझ्यासाठी दिलाय. चांगले आहेत, खव्याचे."

त्याच्या मिशीला पेढ्याचा कण चिकटला होता. तो बोलत होता, शेजाऱ्यांशी संबंध, मुलीचं लग्न, उद्याची गरज, आणि कण वर-खाली होत होता. निशिगंधा त्या कणाकडं बघत राहिली. वीस वर्षं ती या माणसाच्या ताटात जेवली होती, त्याच्या उष्ट्या कपातला चहा प्यायली होती.

ती उठली. बेडरूममधून आपली उशी, चादर आणि घड्याळ घेतलं, आणि मुलीच्या खोलीत जाऊन पलंगावरची धूळ झटकायला लागली.

"हे काय?" आदर्श दारात येऊन म्हणाला. "किती दिवस चालणार हे?"

तिनं चादरीचं एक टोक गादीखाली खोचलं, मग दुसरं. किती दिवस, ते तिला खरंच माहीत नव्हतं.